दादा, बापू, अण्णा आणि ऊस

फेब्रुवारीत सांगलीत उतरलं की आधी मळीचा वास येतो, मग शहर दिसायला लागतं. स्टँडवरून माधवनगर रस्त्याला लागलो तेव्हा पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे बीडकडच्या तोडकऱ्यांच्या बैलगाड्या आणि मधोमध आमची रिक्षा. रिक्षावाल्या काकांना काही फरक पडत नव्हता. "सीझन हाय, असंच चालायचं," म्हणाले आणि इंजिन बंद करून राजकारणावर आले. २०२४ च्या लोकसभेला वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा चिन्हावर निवडून आले, ते त्यांनी कालची गोष्ट असल्यासारखं सांगितलं. आघाडीत जागा गेली ठाकरेंच्या शिवसेनेला, पण "सांगलीत दादांचं घर तिकिटावर चालतंय व्हय?"

ते खरंच आहे. १९५० च्या दशकात वसंतदादांनी इथे सहकारी साखर कारखाना उभा केला. एकेकाळी आशियात एवढा मोठा नव्हता, असं लोक अजून अभिमानाने सांगतात. पुढे कर्जं झाली, आता तो भाडेतत्त्वावर चालतो. पण इथून जे राजकारण निघालं ते १९७७ मध्ये थेट मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलं. तिकडे वाळव्यात राजारामबापू पाटलांनी दुसरा कारखाना काढला आणि दादा विरुद्ध बापू या वादाने जिल्ह्याच्या दोन पिढ्या वाटून घेतल्या.

मार्केट यार्डात सकाळी हळदीचे सौदे चालतात. पोत्यातून मूठभर हळकुंडं काढायची, एक कट्कन मोडायचं, आतला रंग उन्हात धरायचा. एवढ्यावर भाव बोलला जातो. हमालांचे सदरे, पायाची नखं, वजनकाट्याची साखळी, सगळं पिवळंजर्द. पूर्वी ही हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत वर्षानुवर्षं टिकायची. तिथली माती ओल धरत नव्हती. २००५ च्या महापुराने पेवं बुडवली आणि व्यापार गोदामांत आला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं तेव्हा पेवं मात्र गेलेली होती, याचं कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

पुराचं माप इथे फुटांत बोलतात, आणि फूट मोजायचे ते आयर्विन पुलावर. १९२९ चा हा पूल व्हाइसरॉयच्या नावाचा. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पुलावर मी पाच मिनिटं थांबलो, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी त्यांच्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते हातवारे करून दाखवलं.

गणेशदुर्ग मला जास्त पाहायचा होता. पहिल्या चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केलं, त्या संस्थानाचा हा भुईकोट. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून सांगली नाट्यपंढरी. पण मी आलो होतो तुरुंगासाठी. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा साथीदारांसह हा तुरुंग फोडून बाहेर पडले, तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात गोळीबार झाला, अण्णासाहेब पत्रावळे हुतात्मा झाले आणि दादांच्या खांद्यात गोळी लागली. तट आहे, खंदकाच्या खुणा आहेत, भोवती पार्किंग आणि वडापावच्या गाड्या. माहितीचा फलक कुणी वाचताना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर धरली. आधी माधवनगर लागतं. कधीकाळी तिथल्या कापड गिरणीचा भोंगा अख्ख्या पंचक्रोशीचं घड्याळ होता. पुढे नांद्रे, भिलवडी, मग किर्लोस्करवाडी. औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला, लोखंडी नांगर केले. मला मात्र उतरून पलीकडच्या कुंडलला जायचं होतं.

कुंडल ही नाना पाटलांच्या प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारची, राजधानीच. ७ जून १९४३ रोजी याच लोहमार्गावर शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम लुटली, त्यात जी. डी. बापू लाड पुढे होते. त्या बापूंनी पुढे कुंडलला 'क्रांती' साखर कारखाना काढला. वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी काढला तो हुतात्मा किसन अहिरांच्या नावाने. ज्यांनी इंग्रजांच्या पैशाची गाडी अडवली, त्यांनीच नंतर शेअर गोळा केले, बॉयलर पेटवले, सभा घेतल्या. दादा, जी. डी. बापू, अण्णा, सगळे त्या तीन-चार वर्षांच्या भूमिगत आयुष्यातून आलेले. मला वाटतं, सहकाराची खरी भरती त्या दिवसांतच झाली होती: कोण रात्री भाकरी देतं, कोण तोंड उघडत नाही, हे गावोगाव ठरलेलं होतं.

चौकातल्या टपरीवर एका आजोबांना जी. डी. बापूंबद्दल विचारलं. "बघितलंय की. धोतर, टोपी, बोलणं एकदम थेट," एवढंच बोलले आणि शेजाऱ्याकडे वळले. यंदा वाळव्याच्या 'हुतात्मा'चा ऊसदर काय निघाला आणि आपल्या 'क्रांती'चा काय, यावर दोघांची जुंपली ती माझा दुसरा चहा संपेपर्यंत. मग त्यांनी मला मध्ये घेतलं : "तुम्ही लिहिता नव्हं? मग दादा, बापू, अण्णा, तिन्ही कारखान्यांचे दर शेजारी-शेजारी लिवा."