तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ आवाजातलं 'टॉम अँड जेरी'

"एवढं खटकतं, तर वर्गात दाखवताच कशाला?" सहकारी विचारतात, पालक विचारतात, जुने विद्यार्थीही विचारतात. मी ॲनिमेशन शिकवते. 'टॉम अँड जेरी'च्या 1940 ते 1952 मधल्या ज्या फिल्म्समध्ये घर सांभाळणारी कृष्णवर्णीय बाई आहे, त्या मी न कापता, मूळ आवाजात दाखवते. जाड पाय, घसरलेले मोजे, हातात झाडू. चेहरा जवळजवळ कधीच नाही.

"काळच तसा होता" म्हणणाऱ्यांचं आधी. ॲनिमेशनकार वॉल्टर लँट्झच्या, कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या 'स्क्रब मी ममा विथ अ बूगी बीट' (1941) या फिल्मवर 1948 मध्ये एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने हरकत घेतली आणि युनिव्हर्सलने ती 1949 मध्ये मागे घेतली. त्याच दशकात यूपीए स्टुडिओने मोटार कामगारांच्या युनियनसाठी वंशभेदाच्या समजुती खोडून काढणारी 'ब्रदरहुड ऑफ मॅन' केली. म्हणजे वेगळं काढता येत होतं. काढलं नाही.

मग मूळ आवाज कशासाठी? तो लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा आहे म्हणून. 1960 च्या दशकात टीव्हीसाठी काही फिल्म्समधून ती बाई पुसली, तिथे गोरी बाई रेखाटली आणि जून फोरेचा आयरिश ढंगाचा आवाज बसवला. 'सॅटर्डे इव्हनिंग पस'मध्ये (1950) ती दागिने घालून, नटूनथटून पत्ते खेळायला बाहेर पडते. तिची ती एक मौजेची संध्याकाळ, तीसुद्धा एका गोऱ्या मुलीला देऊन टाकली. चेहरा तर दिलाच नव्हता, आता पाय आणि आवाजही काढून घेतले. याला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हे सगळं मी वर्गात तावातावाने सांगते. असंच एकदा सांगितलं, फिल्म लावली, मुलं खळखळून हसली. चेहऱ्याचा विषय निघाला तेव्हा मी नेहमीचं तांत्रिक उत्तर दिलं: चौकट मांजराच्या उंचीवर लावली आहे, तिथून मोठ्या माणसांचं एवढंच दिसणार. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, 'बिझी बडीज'मधली बाळ सांभाळणारी मुलगीपण पगारीच आहे ना? ती तर अख्खी दिसते." ती फिल्म 1956 ची. मांजर तेच, उंची तीच. ती मुलगी मात्र गोरी.

तास संपल्यावर ती थांबली. तिची आई लोकांकडे पोळ्या करते. "ज्यांच्याकडे ती इतकी वर्षं जाते ना मॅडम, त्यांच्या मुलाला तिचं नाव माहीत नाही. आणि आत्ता सगळ्यांबरोबर मीपण हसले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी रँडॉल्फबद्दल काहीतरी बोलायला लागले. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि बॅग उचलली.

आता त्या प्रश्नाला काय सांगू? शिकवायला लागले तेव्हा मी ठासून म्हणायचे की जुनं काम म्हणजे दस्तऐवज, त्याला हात लावू नये. आज त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं: दस्तऐवज कपाटात ठीक आहे, पण अंधार करून, मोठ्या पडद्यावर, साठ जणांच्या हशात तो दाखवणं म्हणजे नुसतं जपणं आहे का? ती जुनी मी लगेच उलट विचारते: मग काय, आयरिश बाई दाखवणार? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आधी नीट समजावून मग दाखवा, असं सुचवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: त्या दिवशी मी समजावूनच दाखवलं होतं. विनोदाची वेळ इतकी पक्की आहे की माहीत असूनही हसू येतं. हे कसब मला शिकवायचंच आहे आणि ते याच फिल्म्समध्ये आहे.

यंदाही मूळ आवाजच लावणार आहे. चौकटीच्या उंचीचं ते उत्तर मात्र देणार नाही.