तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडूंच्या लेखांवरून अनोळखी लोकांशी वाद का घालता?

सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालताना, लग्नाच्या पंगतीत, परवा तर बँकेच्या रांगेत सुद्धा, प्रश्न एकच. तुम्ही ते विकिपीडियावर खेळाडूंचं लिहिता ना, त्याचे पैसे मिळत नाहीत, लेखावर नाव येत नाही, वर कोण कुठली माणसं येऊन तुमचं लिहिलेलं खोडतात आणि तुम्ही रात्री बारा वाजेपर्यंत त्यांच्याशी वाद घालत बसता, कशासाठी? चालता चालता याचं उत्तर देता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

पैशाचं एका वाक्यात सांगतो. मिळत नाहीत, आणि कुणी पैसे घेऊन लिहीत असेल तर ते त्याने तिथे जाहीर करावं लागतं. झालं.

वादाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की वाद म्हणजे कामात आलेला अडथळा, आणि माझा अनुभव असा की खेळाच्या लेखात वाद हेच निम्मं काम आहे. दत्तू भोकनळचं बघा. नाशिक जिल्ह्यातलं, चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याची कायमची बोंब, पोरगा विहिरी खोदायच्या कामाला जायचा, मग लष्करात गेला, तिथे रोइंग म्हणजे होडी वल्हवायची शर्यत शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्याने होडी वल्हवायच्या शर्यतीत, भारताकडून उतरला, त्या वर्षी रोइंगमध्ये आपला तो एकटाच. तर एका नव्या संपादकाने (विकिपीडियावर लेखात बदल करणाऱ्या कुणालाही संपादकच म्हणतात) लिहिलं, दत्तूने रिओत फायनल जिंकली. दुसऱ्याने ते उडवून लिहिलं, तेरावा आला. पहिल्याने परत फायनल टाकली, दुसऱ्याने परत उडवली, आणि बदलाच्या कारणात जे काय लिहिलं जात होतं त्याचा सूर चढायला लागला. पहिल्याला वाटत होतं हा बाहेरचा माणूस मुद्दाम आपल्या पोराला खाली ओढतोय, दुसऱ्याला वाटत होतं हा नुसता चाहता आहे, फेकतोय. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं की ब्लॉक व्हायची वेळ येते, म्हणून मी दोघांनाही लेखाच्या चर्चा पानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायचं वेगळं पान असतं तिथे, बोलावलं, आणि तिथे एक तिसराच आला ज्याचा नाशिकशी काही संबंध नाही, त्याला फक्त रोइंग कळत होतं. त्याने सांगितलं की रोइंगमध्ये फायनल एकच नसते, ए फायनलमध्ये पहिले सहा नंबर ठरतात, बी मध्ये सात ते बारा, सी मध्ये तेरा ते अठरा, आणि दत्तूने सी फायनल जिंकली म्हणजे एकूणात तो तेरावा. म्हणजे दोघंही खरंच बोलत होते! शेवटी वाक्य झालं, "सी अंतिम फेरीत पहिला, एकूण क्रमवारीत तेरावा." हे वाक्य त्या तिघांपैकी एकट्याने कुणीच लिहिलं नसतं, मी तर नाहीच. आणि जगात तेरावा म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला त्यात कमीपणा कुठे दिसणार?

कविता राऊतच्या बाबतीत असंच, पण तिथे आपल्याच लोकांशी जास्त झालं. हरसूलकडच्या सावरपाड्याची ही मुलगी, सावरपाडा एक्स्प्रेस म्हणून सगळा नाशिक जिल्हा ओळखतो, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्राँझ. कुणीतरी येऊन लिहायचं, राष्ट्रकुलात अॅथलेटिक्सचं पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. पण अंजू बॉबी जॉर्जने २००२ ला मँचेस्टरमध्ये लांब उडीत ब्राँझ घेतलेलं आहे. बरं मग ट्रॅकवरचं पहिलं म्हणा, तर २००६ ला मेलबर्नमध्ये आपल्या मुलींच्या ४ बाय ४०० रिले संघाला सिल्व्हर आहे. मग उरतं काय, तर ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. ते लिहिलं तर आमच्याच ओळखीतले एकजण रागावले, म्हणाले तू नाशिकचा असून तिचं मोठेपण कापतोस. मला उलट वाटतं. आता केरळातून, पंजाबातून कुठूनही कुणी येऊ दे, या वाक्याला हात लावता येणार नाही, आणि तिच्या मोठेपणाची मला काळजी आहे म्हणूनच मी त्या दोन शब्दांसाठी इतका अडून बसलो. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये १०,००० मीटरलाच तिचं सिल्व्हर आहे, ३१:५१.४४, पुढे फक्त प्रीजा श्रीधरन ३१:५०.४७, एक सेकंद सुद्धा अंतर नाही. हे आकडे नुसते लिहिले तरी पुरतं, "देदीप्यमान कामगिरी" वगैरे लिहायची गरजच पडत नाही.

घाईचे वाद वेगळे. २०२४ ला टोरांटोत बुद्धिबळाच्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेत, आपल्या विदित गुजराथीने अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं तेव्हा आपल्याकडे आनंद झाला तो झालाच, पण रोज कुणीतरी येऊन त्याचं लाइव्ह रेटिंग, म्हणजे प्रत्येक डावानंतर बदलणारे अनधिकृत गुण, लेखाच्या बाजूच्या माहितीचौकटीत टाकायचं, फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेचं अधिकृत रेटिंग तर महिन्याच्या एक तारखेला लागतं. क्रिकेटमध्ये तर मॅच चालू असताना लोक रन्स वाढवत बसतात, मॅच संपल्याशिवाय आकडे बदलायचे नाहीत हे प्रत्येक नव्या माणसाला परत सांगायचं. सांगतो. कंटाळा करून चालत नाही, कारण आज जो घाईघाईने रन्स वाढवतोय तोच उद्या चांगला संपादक होतो, असे मी पाहिलेत.

पण सगळेच काही प्रेमापोटी येत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२, दुबई, आशिया कपची भारत पाकिस्तान मॅच, अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा कॅच सुटला आणि थोड्याच वेळात त्याच्या विकिपीडिया पानावर कुणीतरी भारताच्या जागी खलिस्तान लिहून ठेवलं. देशभर बातमी झाली, सरकारने विकिपीडियाच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. ते खोटं साधारण पंधरा मिनिटांत काढलं गेलं, आणि ते काढलं स्वयंसेवकांनी, म्हणजे ज्यांना तुम्ही विचारता ना की कशासाठी करता, त्या लोकांनी. त्या पोराबद्दलचं असलं लिखाण तासन् तास तसंच राहिलं असतं तर? मला तर एवढं एक कारण सुद्धा पुरेसं आहे.

आता सगळ्यात अवघड भांडण, जे अजून मिटलेलं नाही. लेख कुणावर असावा? इंग्रजी विकिपीडियावर आधी क्रिकेटचा एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला माणूस सुद्धा लेखाला पात्र धरत, मग एक-एक ओळीचे हजारो लेख झाले, शेवटी २०२२ मध्ये लांबलचक चर्चा होऊन ते बंद केलं, आता नुसतं खेळला एवढं पुरत नाही, त्याच्याबद्दल कुणी तरी सविस्तर लिहिलेलं पाहिजे. नियम मला पटतो. पण त्याचा मार कुणाला बसतो ते बघा. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, कॅप्टन प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, त्यांच्यावर लिहायला संदर्भ पाहिजे तितके. पण ज्यांनी सत्तरच्या ऐंशीच्या दशकात मातीवर खो-खो, कबड्डी खेळून हा खेळ टिकवला त्यांचं नाव नेटवर सापडत नाही, मग इंटरनेट बघून कुणीतरी दूरचा संपादक लेख वगळायला लावतो, आणि इकडे पंचवटीतले एक काका मला म्हणतात, अरे मी स्वतः होतो ना त्या मॅचला! काका खोटं बोलत नाहीत, पण त्यांची आठवण संदर्भ म्हणून चालत नाही, छापलेलं लागतं.

छापलेलं असतं, फक्त ते कागदावर असतं. संदर्भ ऑनलाइनच पाहिजे असा नियम कुठेही नाही, पेपरचं नाव, तारीख, पान नंबर दिलं की चालतं. म्हणून मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो, १८४० पासूनची संस्था आहे ती, आणि ज्या लातूरच्या संपादकाशी माझं या विषयावरून महिनोन् महिने पटत नव्हतं तोच आता त्याच्या गावातल्या जुन्या अंकांचे फोटो मला पाठवतो, आणि तरीही माझा एखादा लेख कच्चा वाटला की त्यावर "संदर्भ हवा" अशी खूण लावून मोकळा होतो. लावू दे.

तुमच्या घरात आजोबांच्या, आत्याच्या मॅचची कात्रणं असतील तर एक विनंती आहे. बहुतेक घरांत कात्रण अगदी फोटोच्या कडेने कापून अल्बमला चिकटवलेलं असतं आणि वरची तारीख, पेपरचं नाव कचऱ्यात गेलेलं असतं. मागच्या बाजूची जाहिरात, सिनेमाचं वेळापत्रक, बाजारभाव काहीही असलं तरी फाडू नका, त्यावरून सुद्धा तारीख काढता येते. पाठची बाजू पण फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.