तुम्ही विचारलंत म्हणून : महिला सभेला जाऊन काय होतं?

"सभेला जाऊन काय होतं हो? बायका बसतात, चहा होतो, सह्या होतात. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत जे व्हायचं तेच होतं." बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीच्या ओट्यावर, तालुक्याला जाणाऱ्या एसटीत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बाई चुकीचं बोलत नाही. बऱ्याच गावांत होतं ते असंच.

सभेला किती जणी आल्या यावर फारसं काही ठरत नाही. इतिवृत्ताच्या वहीत काय उतरलं, यावर ठरतं. पन्नास जणी तावातावाने बोलल्या आणि वहीत "महिलांच्या समस्यांवर चर्चा झाली" एवढंच आलं, तर सरकारदरबारी त्या पन्नास जणी काहीही बोललेल्या नाहीत.

आधी ही सभा आली कुठून ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि १५ मध्ये समानता आहे, हे शाळेत पाठ होतं. गावापर्यंत ती पोहोचायला १९९३ चा एप्रिल उजाडला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, ग्रामसभेला घटनेत स्थान मिळालं आणि अनुच्छेद २४३ घ प्रमाणे पंचायतींतल्या किमान एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्राने त्याआधीच, १९९० मध्ये, ३० टक्के दिले होते. २०११ मध्ये ते ५० टक्के झाले. याशिवाय राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्ये एक तरतूद आहे, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिला मतदारांची वेगळी सभा घ्यायची आणि तिचं इतिवृत्त ग्रामसभेपुढे ठेवायचं. म्हणजे महिला सभा हा हळदीकुंकवाचा कार्यक्रम नाही. तिथे बसायला बचत गटाचं सभासद असावं लागत नाही, ग्रामपंचायतीचं सदस्य असावं लागत नाही. मतदार यादीत नाव हवं, बास.

बिघडतं कुठे, तर पहिल्यांदा हजेरीत. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गावकारभाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. महिला सभेची तऱ्हा आणखी वेगळी. पेरणीच्या दिवसांत सकाळी अकराची वेळ ठेवायची, कुणी येत नाही, मग शिपायाबरोबर हजेरी वही घरोघर पाठवून सह्या आणि अंगठे गोळा करायचे. सही करताना वरच्या ओळीत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. बऱ्याचदा तिथे काही लिहिलेलंच नसतं.

याला दोन साधे उपाय. वेळ दुपारी दोन-अडीचची मागा आणि ती मागणी नोटीस निघायच्या आधी करा. नियमित ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, त्यामुळे दहा-बारा दिवस आधी ग्रामसेवकाला (हल्ली पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) कागद द्यायला हवा. दुसरं म्हणजे सभा संपली की शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून "एकूण उपस्थिती त्रेचाळीस" असं अक्षरी लिहून घ्यायचं आणि मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढायचा. दोन मिनिटांचं काम आहे. पण त्या रेघेखाली नंतर नावं घुसत नाहीत, आणि उद्या पान बदललं तर फोटो बोलतो.

आता ठराव. नेहमीचा नमुना असा असतो : "गावातील शौचालयाच्या दुरवस्थेबाबत चर्चा करण्यात आली. दुरुस्ती करावी असे सर्वानुमते ठरले." कुठलं शौचालय, कुणी दुरुस्त करायचं, कशातून, कधीपर्यंत? यातलं काही नाही. हा ठराव कुणाला बांधत नाही, म्हणून तो आनंदाने मंजूर होतो. तोच असा लिहून न्या :

"वॉर्ड क्र. २ मधील बाजारतळाशेजारच्या महिला शौचालयात नळजोडणी व वीज नाही, दोन दारांना कडी नाही. नळजोडणी, दिवा व दारदुरुस्ती हे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात स्वच्छतेच्या निधीतून पहिल्या प्राधान्याने घ्यावे. अंदाजपत्रक पुढील मासिक सभेत ठेवावे व झालेली कार्यवाही पुढील महिला सभेत वाचून दाखवावी. सूचक :   अनुमोदक :  "

जागा, दोष, निधी, मुदत, दोन नावं. सूचक आणि अनुमोदक शक्यतो वेगवेगळ्या वस्तीतल्या घ्या, म्हणजे "हे त्या एका आळीचं भांडण" असं म्हणून बाजूला सारता येत नाही. ठराव सभेत तोंडी सांगत बसू नका. तोंडी सांगितलं की लिहिणारा स्वतःच्या भाषेत लिहितो, आणि त्याच्या भाषेत प्रत्येक मागणी "चर्चा" होते. टाइप केलेला कागद दोन प्रतींत न्यायचा, एक द्यायची, दुसरीवर तारखेसह पोच घ्यायची.

पैशाचा विषय बायका टाळतात. खरं तर तिथेच मुद्दा सोपा असतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, बाजार वसुली, गाळ्यांचं भाडं असं. सरकारकडून आलेलं अनुदान यात धरत नाहीत. वर्षाला सहा लाख जमा असतील तर साठ हजार. हे साठ हजार बहुतेक मार्च महिन्यात अंगणवाडीच्या सतरंज्या आणि चार शिलाई मशिनी यांत संपतात, कारण मार्चपर्यंत कुणी काही मागितलेलंच नसतं. मागायची वेळ ऑक्टोबर. २ ऑक्टोबरच्या आसपासची ग्रामसभा ही वर्षातली सगळ्यांत महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षाचा विकास आराखडा तिथून बनायला लागतो आणि अंदाजपत्रकही त्याच सुमारास तयार होतं. २६ जानेवारीला झेंड्यानंतर केलेली मागणी कितीही रास्त असली तरी गाडी सुटल्यावर फलाटावर आल्यासारखी.

सभेला जायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना १ (अंदाजपत्रक) आणि नमुना ५ (रोकड वही) पाहायला मागा. गेल्या वर्षीचे १० टक्के कशावर गेले, हा एकच प्रश्न हातात कागद धरून विचारला तरी सभेचा सूर बदलतो.

"सरपंच बाई आहे, पण कारभार नवरा बघतो, मग?" हा पुढचा प्रश्न. इथे नियम नीट समजून घ्या, नाहीतर भांडण चुकीच्या जागी होतं. सरपंचाचा नवरा गावचा मतदार असेल तर ग्रामसभेत बसायचा, बोलायचा हक्क त्याला आहे. तिथून त्याला उठवता येत नाही. ग्रामपंचायत सदस्यांच्या मासिक सभेत मात्र तो सदस्य नसेल तर त्याला कामकाजात भाग घेता येत नाही, आणि महिला सभेत तर प्रश्नच येत नाही. त्याला सर्वांसमोर "बाहेर जा" म्हणण्यापेक्षा "आज उपस्थित कोण, ते वहीत नावानिशी लिहा" म्हणा. आपलं नाव तिथे लिहिलं जाणं त्यालाच परवडत नाही.

दारूच्या दुकानाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे. महिला सभेने ठराव केला की दुकान बंद, असं बायका धरून चालतात. परवानाधारक दुकानासाठी २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे वाट वेगळी आहे. महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क विभागाकडे जातो, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद). आडवी जिंकायला गावातल्या एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात; झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे. हजार महिला मतदार असतील तर अडीचशे सह्या आणि ५०१ मतं.

लढाई हरते ती इथेच. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. आणि यादीत असतात लग्न होऊन दहा वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या मुली, वारलेल्या आज्या, ऊसतोडीला गेलेल्या. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घेऊन घरोघर फिरा. मृत आणि कायमच्या गेलेल्यांची नावं वगळायला अर्ज क्रमांक ७ असतो, पत्ता बदललेल्यांसाठी क्रमांक ८. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतरचं मतदान म्हणजे निम्मी गल्ली कारखान्याच्या तळावर. टोळ्या परतल्यावरची तारीख पडेल अशा बेतानेच अर्ज टाका. सह्यांतही जपा : यादीत "सुमन" आणि सही "सुमनबाई" असली तरी पडताळणीत वाद घालतात. अडीचशे लागत असतील तर सव्वातीनशे घ्या.

घराचं तसंच. "घर दोघांचं" म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. अर्ज, नवऱ्याची संमती, ओळखीचे पुरावे, घरपट्टी भरल्याची पावती. अडतं ते नावापाशी. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. आधी ते एकसारखं करा. आणि एक लक्षात ठेवा, नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दस्त नाही. बायकोचं नाव तिथे असणं चांगलंच, पण शेतजमिनीतला मुलीचा वाटा जातो तो भलत्याच कागदावर, हक्कसोडपत्रावर, आणि तो कागद भावाच्या घरी जेवण झाल्यावर पुढे येतो.

ठरावाने सगळं होतं असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं गावात बंद. दोन आठवड्यांच्या आत, १७ मेला, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावात दंड नव्हता, असूही शकत नव्हता. पण अंत्यविधीच्या वेळी एखाद्या जावेला "आपल्या गावात हे बंद आहे" एवढं म्हणायला आधार मिळाला. हेरवाड पाहून काही उत्साही गावं दंड लावायला निघतात, वाळीत टाकायची भाषा करतात. तिथे थांबवा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे आणि तो आपल्यावरच उलटेल.

उलटे ठरावही येतात. मुलींनी मोबाईल वापरू नये, पालकांच्या संमतीशिवाय लग्न करू नये असले. सज्ञान बाईचा मूलभूत हक्क काढून घ्यायचा अधिकार ग्रामसभेला नाही, हात कितीही वर होवोत. अशा वेळी गप्प बसून घरी आलात तर वहीत "सर्वानुमते" येतं. उभं राहून "माझा विरोध नावानिशी नोंदवा" म्हणा; नोंदवला नाही तर त्याच दिवशी लेखी विरोध देऊन पोच घ्या आणि प्रत पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा.

शेवटचं काम सभेनंतर आठवड्याभराने. इतिवृत्ताची नक्कल मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज : दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये, तीस दिवसांची मुदत. अर्जात दोन्ही वह्या मागायच्या, महिला सभेची आणि ग्रामसभेची. नक्कल हातात आली की आधी आपण काढलेल्या फोटोशी पान ताडून पाहा, मग ग्रामसभेच्या इतिवृत्तात "महिला सभेचे इतिवृत्त वाचून दाखवले" ही ओळ शोधा. ती नसेल तर पुढच्या महिला सभेचा पहिला ठराव कुठला, हे वेगळं सांगायला नको.