रोजच्या लिहिण्याला कुठली शाई, आणि ती भरायची कशी

शाईबद्दल नेटवर वाचायला बसलं की सगळे रंगावरच बोलत असतात, कुठली लाल झाक मारते, कुठलीत सोनेरी चमचम आहे, आणि फोटो बघून आपल्यालाही वाटतं की बस, हीच हवी. पण शाईपेनाने दिवसभर लिहायचं असेल, ऑफिसचे कागद, डायरी, सोसायटीचं मिनिट्स बुक, तर रंग हा अगदी शेवटचा मुद्दा आहे. आधी बघायचं ती आपल्या कागदावर कशी वागते, आणि मग बघायचं ती देवनागरीत कशी वागते, जे कोणी फारसं बोलतच नाही.

देवनागरीचं आधी सांगते. रिव्ह्यू लिहिणारे बहुतेक जण रोमनमध्ये लिहिणारे, त्यांना शिरोरेषा नाही. आपण शब्द लिहितो आणि परत मागे येऊन त्यावर रेघ ओढतो, म्हणजे निब ओल्या अक्षरांच्या डोक्यावरूनच फिरते. शाई फार सढळ वाहणारी असेल तर जिथे जिथे काना रेघेला मिळतो तिथे बारीकसा थेंब साठतो आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी वाळतो, पान उलटलं की समोरच्या पानावर ठिपक्यांची रांग. शिवाय आपल्या अक्षरांच्या गाठी. भ, ध, थ, ष, क्ष यांच्यातली जागा ती केवढी, कागदाने शाई जराशी पसरवली की गाठ बुजते, ध आणि घ सारखेच दिसायला लागतात. ध चा मा करायला आनंदीबाई लागत नाही, ओली शाई आणि झेरॉक्सचा कागद पुरतो! अनुस्वारांचं तर विचारूच नका, टिंब द्यायला निब टेकवली की मसुराएवढा डाग.

त्यामुळे माझं मत असं, की मराठी लिहिणाऱ्याने निब बारीक, फाइन, घ्यावी आणि शाई जरा कोरडी. कोरडी म्हणजे वाळलेली नाही हो, हात राखून वाहणारी. पेलिकनची ४००१ मालिका यासाठी प्रसिद्धच आहे. उलट ज्यांचं पेन मुळात कंजूष आहे, मध्येच अडतं, रेघ फिकी येते, त्यांनी वॉटरमनची निळी किंवा पायलटच्या इरोशिझुकू वगैरे घ्याव्यात, त्या छान सुटतात. इरोशिझुकूची ५० मिलीची बाटली मात्र हजाराच्या पुढे जाते, तेव्हा आधी पेन धुऊन बघा, बऱ्याचदा पेन कंजूष नसतंच, तुंबलेलं असतं.

आणि आपली कॅमल? लोक नाक मुरडतात, मी नाही मुरडत. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत घोडाछाप शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, त्याचंच पुढे कॅमलिन झालं, आता जपानच्या कोकुयोकडे आहे. गंमत म्हणजे पार्करची क्विंकही १९३१ चीच. कॅमलची रॉयल ब्लू मला रोजच्या कामाला आवडते, कारण कुठल्याही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळते, स्वस्त आहे, आणि पेन साध्या पाण्याने धुतलं जातं. ६० मिलीची बाटली कन्व्हर्टरवाल्या पेनात (म्हणजे मळसूत्र फिरवून बाटलीतून शाई ओढणारी छोटी नळी असते त्या पेनात) ऐंशी-नव्वद वेळा भरता येते, कारण कन्व्हर्टरमध्ये मावतं जेमतेम पाऊण मिली. थोडा वेगळा रंग हवा असेल तर केरळच्या कृष्णा शाया २० मिलीच्या छोट्या बाटलीत येतात, चाखून बघायला बऱ्या. कलकत्त्याची सुलेखा, १९३४ ची, स्वदेशीच्या काळातली, मध्ये बरीच वर्षं बंद होती आणि २०२० पासून तिची शाईपेनाची शाई परत मिळायला लागली, तिच्यासाठी माझ्या मनात जरा हळवा कोपरा आहे, तेवढं चालवून घ्या.

रॉयल ब्लूचं एक लक्षात ठेवायचं. ती धुतली जाते ही सोय पेनासाठी, कागदासाठी तीच अडचण. पाण्याचा थेंब पडला की ओळ गेली, आणि उन्हात वर्षभर राहिलेलं पान फिकं पडतं. चेक, मृत्युपत्र, सोसायटीचं इतिवृत्त, असल्या ठिकाणी ती वापरू नये. तिथे ब्लू-ब्लॅक, आणि तीही लोहाची. प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक आणि पेलिकन ४००१ ची ब्लू-ब्लॅक या दोन्ही तशा आहेत. हिरड्याच्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाकलं की काळंकुट्ट होतं ना, तेच रसायन, लिहिताना निळी दिसते आणि हवा लागून काही दिवसांत गडद होत जाते, मग पाण्याने निळा रंग गेला तरी काळपट अक्षर मागे राहतं. अट एवढीच की ही पेनात महिनोन्महिने वाळवत ठेवायची नाही. रोज लिहिणाऱ्याला प्रश्नच नाही, अधूनमधून लिहिणाऱ्याने नाद करू नये. लेबलवर नुसतं परमनंट लिहिलंय यावर मात्र जाऊ नका, घरी एक ओळ लिहून, दुसऱ्या दिवशी त्यावर थेंब टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

हीच चाचणी कागदाचीही. जो कागद रोज वापरता त्याच्यावरच करायची, भारी वहीवर नाही. ऑफिसचा झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) कागद घ्या, त्यावर 'क्षितिजावर धुरळा' असं काहीतरी गाठीदार लिहा, शिरोरेषा ओढा, दहा सेकंदांनी बोट फिरवा, मग पान उलटून मागे किती उतरलंय ते बघा. पावसाळ्यात हे परत करा, कारण कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये कागद इतका ओल धरतो की जी शाई मार्चमध्ये शहाण्यासारखी वागत होती तीच पाय पसरते.

ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात घालायची नाही, कधीच नाही, तिच्यात लाख असते, आत वाळली की निबखालची जीभ, जिच्यातून शाई निबकडे येते ती, कायमची बंद. बोरू-टाकाला चालतं ते पेनाला चालत नाही. स्टॅम्पपॅडची शाई पण नाही.

आता भरणं. कन्व्हर्टर असेल तर निब नुसती टोकाने बुडवायची नाही, निबवरचं भोक आणि जिभेची मागची बाजू पूर्ण बुडेल इतकी आत, मग मळसूत्र फिरवायचं. एकदा भरून परत बाहेर सोडायची आणि पुन्हा भरायची, म्हणजे आतली हवा निघते. वर काढल्यावर तीन-चार थेंब बाटलीतच सोडायचे, निब वर करून, मळसूत्र फिरवून उरलेली शाई आत ओढून घ्यायची आणि निब जुन्या सुती कपड्याने पुसायचं. टिश्यूचे धागे निबच्या चिरेत अडकतात आणि मग रेघेला मिशा फुटतात. बाटली तळाला आली की निब बुडत नाही, तेव्हा उरलेली शाई औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत ओतून घ्यायची. कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली तयार नळी, संपली की फेकू नका, मेडिकलमधून सिरिंज आणून तेच परत भरता येतं, सुईचं टोक घासून बोथट करून घ्या. मेडिकलवाले काका संशयाने बघतात, बघू दे.

पण माझं मन ड्रॉपरवाल्या पेनात. आपल्याकडची जुनी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं, राजमुंद्रीच्या रत्नमसारखी, सगळी याच जातीची, पोटात सरळ दोन-तीन मिली शाई. भरताना ड्रॉपर पेनाच्या आतल्या भिंतीला टेकवून सोडायची, मधोमध टाकली तर बुडबुडे वर येऊन सांडते, आणि आट्यांच्या खाली जरा जागा ठेवायची. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट, अगदी पुसट. व्हॅसलिन नको, रबरी रिंग असेल तर ती फुगते.

या पेनांवर लोकांचा राग एकच, अचानक डाग टाकतात. त्याचं कारण साधं आहे. शाई कमी होते तशी आत हवा वाढते, हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि खालची शाई बाहेर ढकलते, टप्पकन, नेमकी सहीच्या वेळेला. म्हणून पेन संपायची वाट बघायची नाही, एक तृतीयांश उरली की भरायची. घाट चढतानाही तेच. पुण्याहून महाबळेश्वरला गेलात तर आठशे मीटर वर जाता, बाहेरचा दाब कमी होतो आणि अर्धं भरलेलं पेन टोपणातच शाई सोडतं. एकतर काठोकाठ भरून न्या किंवा रिकामं न्या, आणि निब वर करून ठेवा. विमानातही हेच.

एक शाई संपली की दुसऱ्या कंपनीची तशीच वरून ओतू नका. काही शाया आम्ल असतात, काही अल्कली, दोघी भेटल्या की कधीकधी गाळ बसतो, आणि तो नेमका जिभेच्या केसाएवढ्या खाचांत बसतो. आधी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पाणी साधं, गार. गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग तपकिरी पडतो, स्पिरिटने काही प्लॅस्टिकं तडकतात. फारच चिकटलं असेल तर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात टाकून रात्रभर बुडवून ठेवा. बोअरवेलचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्याने करा, नाहीतर क्षार बसतात. आणि बाटली उघडल्यावर वर तवंग किंवा धागे दिसले, कुबट वास आला, तर जीव तुटला तरी ती सगळी ओतून टाका, ती बुरशी असते आणि एका पेनातून दुसऱ्या बाटलीत जाते. ओतताना बेसिनमध्ये नळ चालू ठेवा, आणि निब धुवायला काढली असेल तर जाळी आधी लावा.