सव्वा तास, एक माणूस, एक गोष्ट

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. ‘तो आला नाही’ म्हणताना शेवटी आवाज पडला, की मागच्या रांगेला ‘तो आला’ एवढंच ऐकू जातं आणि पुढची दहा मिनिटं तिथली माणसं वेगळीच गोष्ट ऐकत बसतात. कागदावर ही चूक दिसत नाही, आरशासमोरच्या तालमीतही सापडत नाही. एकट्यानं सादर करायचे कथाकथनाचे बरेच प्रयोग अशाच ठिकाणी लंगडतात, कारण ते आधी लिहून काढलेले असतात, मग पाठ केलेले असतात आणि लोकांचे कान त्यांना सगळ्यात शेवटी लागतात. हा प्रकार तोंडी घडवावा लागतो. पुढे त्याचा प्रसारही बहुतेक तोंडीच होतो.

गोष्ट कुणाची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दुसऱ्याची कथा असेल तर हक्काचा प्रश्न येतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. व्यंकटेश माडगूळकर २००१ साली गेले, म्हणजे त्यांच्या कथेसाठी २०६१ च्या अखेरपर्यंत वारसांची परवानगी हवी, आणि ती लेखी हवी. फोनवर मिळालेला ‘करा की’ हा होकार सभागृहाच्या कचेरीत चालत नाही.

लांबीचा हिशोब सोपा आहे. रंगमंचावर गोष्ट सांगताना पॉज आणि हशे धरून मिनिटाला साधारण १०० शब्द जातात. म्हणजे ७५ मिनिटांना साडेसात हजार. पहिला खर्डा हमखास अकरा-बारा हजारांचा होतो. त्यातलं काय काढायचं हे वाचून कळत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून, दोन दिवस जाऊ देऊन, भाजी निवडता निवडता ऐका. जिथे हात थांबतो ते ठेवायचं, जिथे मन दुसरीकडे जातं ते काढायचं.

वाक्यंही तिथेच बदलतात. समजा खर्ड्यात असं आहे: ‘आजीने जुन्या ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले, कापराचा वास येणारे लाल लुगडे बाहेर काढले.’ डोळ्यांनी वाचायला ठीक आहे. पण ऐकणाऱ्याला लुगडं दिसेपर्यंत पाच विशेषणं हातात धरून उभं राहावं लागतं. तेच असं सांगा: ‘आजीनं ट्रंक उघडली. कापराचा वास आला. तिनं एकेक कपडा बाजूला केला. तळाशी लाल लुगडं.’ आता ऐकणारा आजीबरोबर ट्रंकेत वाकतो. शब्द जवळपास तेवढेच, पण क्रम हातांच्या हालचालीचा. सगळी संहिता एकदा ह्या नजरेनं तपासून घ्या. आठ-दहा दिवस जातील, त्यात कंजुषी करू नका.

पाठांतर शब्दशः करू नये असं माझं ठाम मत आहे. एसटीच्या मार्गासारखे दहा-बारा थांबे ठरवा. प्रत्येक थांब्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र घोटून पाठ हवं, मधला रस्ता तालमीत मळतो. ब्लँक होण्याची जागा बहुतेक वेळा सांध्यावर असते. दोन प्रसंगांची सुरुवात ‘त्या दिवशी सकाळी’ अशी सारखी असेल, तर प्रयोगाच्या भरात जीभ दुसऱ्यावरून थेट पाचव्या थांब्यावर जाते, आणि मधली वीस मिनिटं गळाली हे सांगणाऱ्याला शेवटाजवळ कळतं. म्हणून सगळ्या थांब्यांची पहिली वाक्यं एका कागदावर एकाखाली एक लिहा. दोन वाक्यं एका वळणाची दिसली की एक बदला.

पात्रांचा मोह आवरा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ह्या एकपात्री प्रयोगात ५२ पात्रं उभी करायचे, पण त्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज होता. पहिल्या प्रयोगाला निवेदक आणि पाच-सहा पात्रं पुरेत. प्रत्येक पात्राला तीन गोष्टी द्या: नजरेची जागा, शरीराचा एकच आधार (कमरेवरचा हात, पुढे आलेली मान, जवळ घेतलेले गुडघे) आणि बोलण्याची गती. आवाजाची पट्टी शेवटी. बाई दाखवायला आवाज चिरका केला की पात्राचं सोंग होतं, आणि चाळीस मिनिटांत घसा बसतो तो वेगळाच.

नजरेचं थोडं बारकाईनं सांगतो. सहा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील बोलताहेत. मुलगी वर बघणार, समजा उजवीकडच्या खांबाच्या वरच्या टोकाकडे. वडील खाली, डावीकडे, दुसऱ्या रांगेच्या खुर्चीच्या हाताकडे. दोन्ही नजरांमधला कोन छोटा ठेवा. मान पूर्ण वळली की अर्ध्या प्रेक्षकांना फक्त कान दिसतो. हमखास होणारी चूक अशी: भावनेच्या भरात वडीलही समोर बघायला लागतात आणि मुलगी एकदम पाच फुटांची होते. प्रेक्षकाला नेमकं काय बिनसलं ते सांगता येत नाही, पण बेअरिंग, म्हणजे पात्राची पकड, सुटलं हे त्याला कळतं. निवेदक मात्र सरळ लोकांच्या डोळ्यांत बघतो. ह्या दोन नजरा पक्क्या झाल्या की ‘ती म्हणाली’, ‘बाबा म्हणाले’ हे पहिल्या दोन वाक्यांनंतर गाळून टाकता येतं, आणि संवाद पळायला लागतो. नवीन सभागृहात गेल्यावर नजरेचे हे खिळे आधी शोधून ठेवायचे: दाराचा लाल दिवा, पंखा, खांब, काहीही चालेल.

बोलीबद्दल सावध राहा. ‘मले-तुले’ म्हटलं की वऱ्हाडी झाली आणि ‘माका-तुका’ म्हटलं की मालवणी, असं नसतं. बोली सुरात आणि वाक्य कुठे टेकतं त्यात असते. ती बोलणाऱ्या माणसाकडून ते प्रसंग म्हणवून घ्या, रेकॉर्ड करा, रोज ऐका. नाही जमलं तर ते पात्र साध्या बोलीत बोलू द्या. अकोल्यात नकली वऱ्हाडी बोलल्यानं जे नुकसान होतं ते उरलेल्या प्रयोगात भरून निघत नाही.

मध्यंतर ठेवावं का? ७५ मिनिटांच्या प्रयोगाला नको. पण विसावा हवा, आणि तो कुठे हवा हे कीर्तनाकडून शिकावं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण संपलं की नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि मग उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं. तेवढ्यात श्रोते मांडी बदलतात, त्यांचा स्वतःचा आवाज बाहेर पडतो, आणि थकलेला कान पुन्हा ताजा होतो. एकट्याच्या प्रयोगात चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास अशी एक जागा करा. एखादी ओवी, लोकांना म्हणता येईल असं ध्रुवपद, किंवा नुसतं शांतपणे पाणी पिणं. ही जागा नसली की पन्नासाव्या मिनिटाला खुर्च्या करकरायला लागतात.

हे सगळं तिकीट लावून शिकू नये. आधी कुणाच्या तरी घरी आठ-दहा माणसांसमोर, मग ग्रंथालयात तीसेक जणांसमोर, असे पाच-सहा प्रयोग विनातिकीट करा. ऐकणारे निम्मे तरी अनोळखी हवेत. प्रयोग झाल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘छान’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी दोघांना फोन करून गोष्ट परत सांगायला लावा. दोघंही जो प्रसंग विसरले तो कापायचा. आणखी एक करा: सगळ्यांना सांगून-विचारून एक रेकॉर्डर प्रेक्षकांत ठेवा. खोकला, कुजबुज, खुर्चीचा आवाज कुठल्या वाक्याला सुरू झाला ते त्यावर चोख सापडतं. हशाचंही तिथेच शिकता येतं. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर गाडी थंड पडते, आणि तो चढत असताना बोललं तर वाक्य बुडतं. उतरणीला लागला की उचलायचं. उचलताना पहिला शब्द ‘तर’ किंवा ‘मग’ असा वाया गेला तरी चालेल असा ठेवायचा.

आता कागदपत्रं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एकट्याचा प्रयोग म्हणून ह्यातून सूट मिळेल असं धरून चालू नका. सभागृहाची कचेरी ते मागते. टाईप केलेली स्वच्छ प्रत, आणि हातात किमान दोन महिने ठेवा. प्रवेशाच्या तिकिटावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, तेव्हा दर त्याच्या आत ठेवलेला बरा.

सभागृह छोटं घ्या. बालगंधर्व रंगमंदिरात साठ माणसं विखुरली की खुर्च्याच दिसतात. तीच साठ माणसं पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या जागेत बसली की प्रयोग भरलेला वाटतो आणि हशा एकातून दुसऱ्याकडे जातो. समजा शंभर खुर्च्या, तिकीट २०० रुपये, साठ तिकिटं गेली, म्हणजे १२,००० आले. भाडं, ध्वनी-प्रकाशवाल्यांची नाईट (एका प्रयोगाचे पैसे), टेम्पो, चहा-नाश्ता आणि छपाई ह्या आकड्यात बसत असेल तरच तारीख घ्या. शंभरच्या शंभर जातील असं धरून मांडलेला हिशोब हमखास तोट्यात जातो. तारीख घेताना कॅलेंडर बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी दहावी-बारावी असते, मेमध्ये शहर गावाला जातं, गणपतीच्या दहा दिवसांत तिकीट काढून कुणी येत नाही. शनिवार-रविवार मोठ्या व्यावसायिक नाटकांकडे असतात. मधल्या वारी संध्याकाळी सातचा प्रयोग नवख्याला जास्त सोयीचा.

प्रकाशयोजना साधी ठेवा. चेहरा नीट उजळलेला, आठ-दहा बदल, प्रत्येक बदल कुठल्या वाक्यावर ते कागदावर लिहून दिलेलं. प्रेक्षागृह मात्र पूर्ण काळोखात टाकू नका. दिवे थोडे लागलेले राहू द्या, कारण लोकांचे डोळे दिसले नाहीत तर निवेदक भिंतीशी बोलायला लागतो. शंभर खुर्च्यांपर्यंत माईक नकोच. त्यापुढे कॉलर माईक घेतलात तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. कडक इस्त्रीचा कुर्ता, शाल, मंगळसूत्र ह्यांचा घासल्याचा आवाज थेट स्पीकरमध्ये जातो. सेल दर प्रयोगाला नवे, आणि विंगेत वायरचा एक माईक चालू करून तयार.

तिकिटापेक्षा निमंत्रणाचे प्रयोग जास्त टिकवतात. व्याख्यानमाला, ग्रंथालयांचे वर्धापनदिन, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि माडगूळकर ह्यांनी कथाकथन गावोगाव नेलं ते अशाच मंडळींच्या बोलावण्यावर. आयोजकांशी बोलताना मानधनाच्या आधी दोन गोष्टी विचारा: आमच्या आधी काय आहे, आणि सत्कार किती जणांचे. चाळीस मिनिटांच्या सत्कारानंतर सुरू झालेली गोष्ट थकलेल्या माणसांच्या वाट्याला येते. ‘दीपप्रज्वलनानंतर दहा मिनिटांत प्रयोग सुरू होईल’ हे पत्रात लिहून घ्या. उघड्या मांडवासाठी चाळीस मिनिटांची वेगळी आवृत्ती तयार ठेवा. तिथे रस्ता वाहत असतो, प्रसाद वाटला जात असतो, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडून बोलावणं आलं तर व्हिसाचा प्रश्न आधी सोडवा. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन प्रयोग करता येत नाही.

प्रसिद्धीसाठी एकच वाक्य तयार करा, आणि ते गोष्टीतल्या माणसाबद्दल असू द्या. ‘हृदयस्पर्शी अनुभव’ वाचून कुणी घरातून निघत नाही. ‘एसटी स्टँडवर अठरा वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईची गोष्ट’ म्हटलं की ऐकणारा विचारतो, मग? पोस्टर मोबाईलवर बघितलं जाणार आहे, तेव्हा उभं करा. चेहरा, नाव, वार-तारीख-वेळ, जागा, तिकीट, फोन आणि ‘७५ मिनिटं, मध्यंतर नाही’. वेळ लिहिल्यानं शेवटची लोकल पकडणारा माणूस निश्चिंतपणे तिकीट काढतो. व्हिडिओ साठ ते नव्वद सेकंदांचा, खाली मजकूर लिहिलेला, आणि त्यात प्रेक्षकांचा हशा ऐकू येणारा. गोष्टीचा कळस त्यात घालू नका. वर्तमानपत्रांच्या ‘आज शहरात’सारख्या सदरांना चार-पाच दिवस आधी चार ओळी पाठवा.

व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकलेलं पोस्टर वाहून जातं. चाळीस माणसांना वेगवेगळा निरोप लिहा: ‘काकू, शुक्रवारी सातला प्रयोग आहे. आजीच्या ट्रंकेची गोष्ट आहे, तुम्हाला आवडेल असं वाटलं. दोन तिकिटं बाजूला ठेवू का?’ ह्या शेवटच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर येतं, आणि ‘बघते’ म्हणणाऱ्यांना गुरुवारी फोन करता येतो. फुकट पास मोजून दहाच द्या. फुकट घेतलेल्या खुर्च्या पाऊस आला की रिकाम्या राहतात.

पुढच्या प्रयोगाची तारीख पहिल्याच्या आधी पक्की हवी, म्हणजे टाळ्या थांबल्यावर ती रंगमंचावरूनच सांगता येते. दाराशी टेबलावर एक वही आणि पेन ठेवा, पेन दोऱ्यानं बांधलेलं. रकाने तीन: नाव, फोन, आणि ‘कुठल्या मंडळाशी किंवा संस्थेशी संबंधित’. बाहेर पडणारी माणसं पाच-दहा मिनिटं रेंगाळतात, तेवढ्यात वही भरते. तिसऱ्या रकान्यात ज्यांनी काही लिहिलंय त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत फोन करायचा, गोष्ट अजून त्यांच्या कानात असताना.