साक्याचा आंबा आणि वहीतली २१४ नावं

परवा बचत गटाच्या बैठकीत एक मुलगी शेजारी येऊन बसली. "ताई, मी कोकम सरबत करते. ऑनलाइन मार्केटिंग कसं करायचं ते सांगाल?" चहा येईपर्यंत सांगून संपेल असं ते नव्हतं, म्हणून घरी येऊन लिहायला घेतलं.

आमची हापूसची अडीचशे कलमं आहेत, मालगुंडच्या अलीकडे, गणपतीपुळ्याच्या रस्त्यापासून थोडी आत. २०१९ पर्यंत सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. संध्याकाळी गाडी यायची, पेट्या चढायच्या आणि मग वाट बघायची ती पट्टीची, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या हिशोबाची. पट्टीवर हमाली, गाडीभाडं, दलाली वजा होऊन खाली एक आकडा असायचा. तो पडला तर का पडला, हे विचारायची सोय नव्हती. मला त्याहून लागायचं ते वेगळंच. आमचा आंबा कोणाच्या ताटात गेला, त्याला तो गोड लागला की नाही, हे लग्न होऊन या घरात आल्यापासून मला एकदाही कळलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा झाडावर फळ तयार होतं. माझी नणंद कोथरूडला राहते. तिने सोसायटीच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या आणि दोन दिवसांत साठ पेट्या लागल्या. पास काढून टेम्पो पाठवला. पैसे यूपीआयने आले. ज्यांनी कधी बाग बघितली नव्हती त्यांनी नणंदेच्या शब्दावर आगाऊ पैसे दिले, हे मी कधी विसरणार नाही.

पुढच्या वर्षी वाटलं, आता आपण धंदेवाईक व्हायला हवं. शहरातल्या एकाला बारा हजार रुपये देऊन जाहिराती केल्या. लाइक आले, मेसेज तर इतके आले की ऐन हंगामात मी दिवसभर "भाव काय?" ची उत्तरं देत होते आणि तिकडे अढीतली, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेली, फळं परतायची राहात होती. लुधियाना, गुवाहाटी, कुठूनकुठून विचारणा. तिथे पिकलेला आंबा आम्ही पोचवणार कसा? जाहिरात दाखवायची जागा ठरवता येते हे मला माहीत नव्हतं, त्याने सांगितलं नाही. शिवाय जाहिरातीतला फोटो लालसर झाक असलेल्या भलत्याच आंब्याचा, इंटरनेटवरून उचललेला. तो बघून पुण्याच्या एका काकूंनी फोन केला, "अगं, हा तुमचा हापूस नव्हे." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या बारा हजारांतून नऊ पेट्या गेल्या.

त्यानंतर मी वही घातली. दोनशे पानी, रेघांची. नाव, सोसायटी, कोणत्या साली किती पेट्या आणि शेवटचा रकाना "सांगितलेलं". त्यात लिहिलंय: "कच्चाच पाठवा, आम्ही पिकवतो." "वडिलांना साखर आहे, दोनच डझन." "लेक अमेरिकेहून १० मेला येते, त्याच्या आत नको." पुढच्या वर्षी मी त्यांना आपण होऊन विचारते, लेक येणार आहे का यंदा? हे कुठल्याही जाहिरातीने होत नाही. आज वहीत २१४ नावं आहेत आणि आमच्या मालातला निम्म्याहून जास्त माल त्यांच्याकडेच जातो. उरलेला अजूनही वाशीला जातो. सगळा थेट विकला जातो असं मी कोणाला सांगणार नाही.

व्हॉट्सअॅपची एक गोष्ट त्या मुलीला नक्की सांगायचीय. ब्रॉडकास्ट लिस्टमधून पाठवलेला निरोप ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असेल त्यालाच पोचतो. पहिल्या वर्षी मी शंभर जणांना पाठवला आणि उत्तरं आली वीस. मला वाटलं लोकांना आंबा आवडला नाही! आता प्रत्येक पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी असते: "हा नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा निरोप मिळेल." ग्रुप मी मुद्दाम केला नाही. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि लोकांनी आपला नंबर माझ्या भरवशावर दिलेला असतो.

आता साक्याबद्दल. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते: साका म्हणजे फळ बाहेरून सुरेख पिवळं, वासही छान आणि कापल्यावर कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. बाहेरून नुसतं बघून कळायला काही मार्ग नाही. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलं फळ डेखासकट (देठासकट) उतरवायचं, खाली तापल्या जमिनीवर पडू द्यायचं नाही, लगेच सावलीत न्यायचं, एवढं आपल्या हातात. एका वर्षी एप्रिलमध्ये ऊन फार होतं. रात्री साडेदहाला एका काकूंचा फोटो आला. दोन फोडी, मधोमध पांढरा पट्टा. खाली एकच ओळ, "नातवाने तोंडातून काढून टाकला गं."

तो लॉट एकशे ऐंशी घरांत गेला होता. मी तिथेच ओसरीवर बसून निरोप लिहिला: "९ तारखेला गेलेल्या पेट्यांत काही फळांत साका निघतोय. आपल्याकडे निघाला तर फोटो पाठवा. तेवढी फळं पुढच्या फेरीत बदलून देईन." पाठवण्याआधी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, वाचून दाखवला. ते चिडले. "एकीची तक्रार आली, तर तिला काय ते दे. बाकीच्यांना कशाला आपण होऊन सांगतेस? उद्या कोणी घेणार नाही." आमचे हे, म्हणजे माझा नवरा, काही बोलले नाहीत. माझा हातही थरथरत होता, पण पाठवला.

सकाळपर्यंत तीस-बत्तीस फोटो आले. एकूण शहात्तर फळं बदलून दिली, म्हणजे सहा डझनांच्या वर. नुकसान झालं ते झालं. पण सिंहगड रोडच्या एका ताईंनी माझा निरोप जसाच्या तसा त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून त्याच हंगामात सतरा नवी घरं वहीत आली. त्यांतली पंधरा अजून आहेत. मी हे हिशोब करून केलं नव्हतं. नातवाने तोंडातून काढलेली ती फोड डोळ्यांसमोरून जात नव्हती.

बाकी गोष्टी थोडक्यात. गूगल मॅपवर बागेची नोंद जरूर केली. पडताळणीसाठी पाटी, वाट, पॅकिंगची खोली असा व्हिडिओ काढून गूगलला पाठवला. मे महिन्यात गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या त्यामुळे आत वळतात. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आम्ही त्याची वापरकर्ता नोंदणीही केली आहे. बाजारात परराज्यातला आंबा आमच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, तो राग माझ्या मनात कायम आहे, त्यामुळे ही नोंदणी प्रत्येक बागायतदाराने करावी असं मला वाटतं. पण गिऱ्हाइकाला भरवसा येतो तो व्हिडिओने. मी गाणंबिणं लावत नाही. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) फळ उतरवताना, चीक गळायला फळ डेखाकडून उपडं ठेवताना जे दिसतं ते आणि माझा आवाज. आवाजात आमची बोली येते, ती येऊ देते.

म्हणून त्या मुलीला माझं सांगणं: आधी लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, नंबर येऊ दे. मग ओळखीची तीस नावं वहीत लिही. कोकमाच्या साली साखरेत घालून बरणी उन्हात ठेवतेस ना, पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी त्या बरणीचा फोटो त्या तीस जणांना पाठव. रंग कसा उतरतो ते त्यांना बघू दे. साखर किती घालतेस तेही सांग. जाहिरातीचे पैसे पहिल्या वर्षी बाटल्यांवर आणि नीट पॅकिंगवर खर्च कर.

यंदा आमच्याकडे मोहोर उशिरा आला आणि तोही एकसारखा नाही. काल रात्री हंगामाचा पहिला निरोप लिहीत होते: "यंदा फळ कमी आहे. मार्चमध्ये पेटी मिळणार नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच नावं घेईन." अण्णा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "विहिरीकडच्या कलमांवर तुडतुडा पडलाय, तेही लिही."