तेरचे संग्रहालय
आज धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय पाहिले. सातवाहनकाळी तगर या नावाने दूरदेशीही ठाऊक असलेल्या या गावात नांगरटीत आणि पावसाने धुपलेल्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, जे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येत, ते लामतुरे यांनी चिकाटीने जमवले नसते, तर त्यातले बरेचसे मातीमोल झाले असते. हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे बराच वेळ रेंगाळलो. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडली आहे. शेजारी एक आजोबा नातवाला खापरे दाखवत ‘असली आपल्या रानात लई निघायची’ असे सांगत होते, आणि माझ्या मते फलकावरील मजकुराहून ते अधिक मोलाचे होते. गावातल्या संत गोरोबाकाकांच्या (गोरा कुंभार) दर्शनाला आलेली गर्दी मात्र आज इकडे फारशी फिरकली नाही.